मिठाने घेतलेला डोळा

फोटोत सगळे हसत होते. आरोही अल्पेशच्या कडेवर, हनुवटीला केकचं क्रीम, एक हात पुढे, जणू फोनच हिसकावून घ्यायला निघालेली. शेजारच्या ब्लॉकमधल्या पोराचा वाढदिवस होता; उलव्यातल्या त्या नवव्या मजल्यावर फुगे फुटत होते, कुणीतरी गाणं मोठं केलं होतं. घरी परतल्यावर जागृतीने पाय सोफ्यावर घेतले आणि नुसता चाळा म्हणून तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. आरोहीच्या उजव्या डोळ्यात फ्लॅशची तांबूस ठिणगी होती. तशी सगळ्यांच्याच डोळ्यांत होती. डाव्या डोळ्यात मात्र पांढरं होतं. दुधासारखं पांढरं नव्हे; उन्हात दुरून चमकणाऱ्या पत्र्यासारखं, आतून परत फिरलेलं. तिने स्क्रीन ओढणीने पुसली. पांढरं गेलं नाही. "फोन भंगार झालाय गं," अल्पेश बूट काढता काढता म्हणाला, "लगेच टेन्शन नको घेऊ." पण ती तोवर मागच्या महिन्याच्या फोटोंत शिरली होती, मग त्याच्याही मागच्या, आणि किहीमला मनूआत्याकडे काढलेल्या एका फोटोत, आत्याच्या मांडीवर बसलेल्या आरोहीच्या डोळ्यात, तेच पांढरं तिला सापडलं. तिथे तर ते तिने तेव्हाच पाहिलं होतं. पाहून हरखली होती. 'डोळ्यात चांदणी' असं लिहून स्टेटसला लावलं होतं. हे आठवलं आणि तिने फोन अल्पेशपुढे धरला.

त्याला आता चार महिने झाले. मुंबईच्या इस्पितळात आरोहीला भूल देऊन डॉक्टरबाईंनी डोळ्याचा पडदा तपासला, बाहेर येऊन आधी दोघांना बसायला सांगितलं, आणि मग 'गाठ' म्हणाल्या. आणि लगेच, लपवाछपवी नको म्हणून, 'कॅन्सर' असंही म्हणाल्या. औषधाच्या चार फेऱ्या झाल्या. गाठ आक्रसली. डोळा राहील असं आता वाटत होतं, पण दुसऱ्या डोळ्यावरही दर महिन्याला नजर ठेवायची होती. नजर ठेवणं जागृतीला काही शिकवावं लागलं नाही. ती मुळातच पाहत राहणारी; गॅस बंद केला का ते तीनदा पाहणारी, झोपलेल्या पोरीचा श्वास मोजणारी. पण आता तिचं पाहणंच बिघडलं. भाजीवालीशी बोलताना ती भाव ऐकत नसे, तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघत असे. लिफ्टमध्ये कुणाचं मूल दिसलं की वाकून त्याला हसवायचं, म्हणजे ते वर बघेल. आपल्या लहानपणचे मोजके फोटो तिने खिडकीच्या उजेडात धरून तपासले: शाळेतला, जत्रेतला, आईच्या साडीला धरून उभी असतानाचा. सगळ्यांत डोळे काळे, निमूट. त्यांच्यातून काहीच परत येत नव्हतं.

तिसऱ्या फेरीनंतर डॉक्टरबाईंनी एका कोऱ्या कागदावर गोल काढला होता. ही पेशी. पेशीत अशी काही जनुकं असतात की ती चालू झाली की एकाच्या दोन पेशी होतात. ती सारखी चालू राहून कसं चालेल? म्हणून एक प्रथिन त्यांच्यावर हात ठेवून बसलेलं असतं. वेळ झाली की हात उचलतं, काम झालं की पुन्हा ठेवतं. "याला आरबी म्हणतात," त्या म्हणाल्या आणि जागृतीच्या तोंडून निघून गेलं, "ट्यूमर सप्रेसर." डॉक्टरबाईंनी चमकून पाहिलं. जागृती ओशाळली. पनवेलच्या कॉलेजातला दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, फॉर्मॅलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास, शेजारी सुचिता, बाकाखाली दोघींत एक वडापाव, आणि फळ्यावर हेच गोल. 'आरबी प्रथिनाचे कार्य लिहा, गुण दोन.' तिने सुबक आकृती काढली होती. प्रथिनाला तिने दोन हात काढले होते, गंमत म्हणून, आणि सरांनी त्या हातांभोवती लाल गोल करून दोनपैकी दोन दिले होते. किती हलकं होतं ते! आठवडाभर डोक्यात वागवलं आणि परीक्षा झाल्यावर खाडीपुलावरून एसटी जाताना वाऱ्यावर सोडून दिलं. सुचिता म्हणाली होती, "हे आपल्या कशाला उपयोगी पडणारे जन्मात?"

त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, डॉक्टरबाई सांगत होत्या; एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. आरोही जन्मलीच ती एक प्रत बिघडलेली घेऊन. मग डोळ्याच्या पडद्यातल्या एका पेशीत दुसरीही गेली. तिथला पहारा उठला. "घरात कुणाचा लहानपणी डोळा गेलेला आहे का?" त्यांनी विचारलं, आणि जागृतीने क्षणाचाही विचार न करता, अगदी खरं म्हणून, "नाही," असं सांगितलं. लिफ्टपर्यंत आली. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. ती तिथेच उभी होती. तिच्या बाबाला डावा डोळा नव्हता. जन्मात तिने तो काचेचाच पाहिला होता. पण तो डोळा गेला हे आजारात मोडतं, असं तिला वाटलंच नव्हतं. तो मिठाने घेतला होता.

तिचा बाबा, दिनानाथ, उरणकडच्या मिठागरांवरचा माणूस. आता ती मिठागरं नाहीत, मुरूम टाकून बुजवली, वर कंटेनरांच्या थप्प्या लागल्या आहेत. पण जागृती शाळेत होती तेव्हा गावाच्या पश्चिमेला, बांध ओलांडला की, नजर पोचेल तिथवर नुसत्या कोंड्या: चौकोनापुढे चौकोन, पाण्याचे, आभाळाचे तुकडे भरलेले. पौषात पाणी घट्ट व्हायला लागे. सकाळी त्यावर साय धरे, इतकी पातळ की फुंकर मारली तर सुरकुती पडावी, आणि दुपारी ती साय बुडून तळाशी दाणे होत. माणसं टायरच्या चपला घालून कोंडीत उतरत, लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून कडेला आणत. फळीचा तो आवाज, ओला आणि करकरीत, तिला अजून कुठेही ऐकू येतो. अल्पेशचा ट्रेलर यार्डात खडीवर वळताना, कधी आरोही पाटीवर पेन्सिल ओढते तेव्हासुद्धा. मोसमातलं पहिलं मीठ ओढायच्या दिवशी सगळे बांधावर जमत. नारळ फुटे. आणि मग कुणीतरी म्हाताऱ्यातला म्हणे, "दिनानाथला बलवा. मिठानं याचा डोला घेतलाय, पयली फळी याची." तो कोवळा पोर असल्यापासून हा मान त्याचा होता. बाबा सदरा काढून बांधावर ठेवी, पाण्याला हात लावून कपाळाला लावी आणि एकटाच कोंडीत उतरे. तो फळी टाके, ओढे, आणि पांढरी रेघ वर येई. जागृती आईच्या बाजूला उभी राहून ते बघे, आणि तिला वाटे की आपला बाप राजा आहे. राजांनाच असं काहीतरी द्यावं लागतं आणि मग त्यांना मान मिळतो.

ती त्याला सांगायला लावी. बांधावर भाकरी खायला बसले की, "बाबा, डोला कसा गेला ते सांग ना." आणि तो सांगे, शब्दही न बदलता. बारकाला व्हतो. आईच्या मागं मागं कोंडीवर आलो. ऊन असा, का डोला उगडवत न्हाय. आई मीठ ओढतंय. मी खाली वाकलो, आनि फळीवरना एक खडा उडला. एकच. गहू येवडा. पयला थंड लागला, थंडगार, मंग आग. मंग आईचा पदर, पदराला मिठाचा वास. मंग काय न्हाय, काला. इथे तो थांबे आणि भाकरीचा तुकडा मोडी. 'पयला थंड लागला' या ठिकाणी जागृतीच्या अंगावर दरवेळी काटा येई. ती स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवून ते थंडपण शोधत बसे. तिला वाटे, जगात कुणाच्याही बापाला इतकं लख्ख काही आठवत नसेल.

लिफ्टपासून ती डॉक्टरबाईंकडे परत फिरली नाही. घरी आली, आणि रविवारी करंज्याहून लाँचने रेवसला उतरून किहीमला गेली, मनूआत्याकडे. मनुबाई बाबाची थोरली बहीण, सत्तरीच्या घरात, नारळाच्या झावळ्या विणत बसलेली. जागृतीने आडून विचारायचं ठरवलं होतं. पण आत्याने तिच्याकडे पाहिलं, हातातली झावळी खाली ठेवली आणि तीच म्हणाली, "पोरीच्या डोल्याचा इचारायला आलीस ना?" जागृतीने मान हलवली, तशी आत्या सांगू लागली. "तुजा बाबा मिठागरावर गेलाच न्हवता गो तवा. दीड वरसाचा व्हता. पाय पन नीट टाकीत न्हवता. सांजचा दिवा लावला का त्याचा डोला मांजरावानी चमकं. आई घाबरली. काला फडका बांदून ठेवी. लोकांनी बगितला असता तर काय बोलले असते? पोर भुताचा, न्हाय तर घरात रोग. मंग माजा लगीन कोनी केला असता? मंग डोला सुजला, मुंबईला नेला, काडला. आई परत आली ती गावाच्या येशीवरच थांबली, आनि पयल्यांदा जो भेटला त्याला बोलली, मिठाचा खडा उडला. लोकांना मीठ कलतं गो. मिठानं कोनाचे पाय खाल्ले, कोनाचे हात. डोला खाल्ला तर कोन इचारतंय?" जागृतीला रागच येईना, जनीआजीचा, बाबाच्या आईचा, चेहराही नीट आठवेना, फक्त भेगाळलेल्या टाचा. "आणि आरोहीचा?" तिने विचारलं. आत्याने झावळी पुन्हा उचलली. "ती मांडीवर व्हती तवाच दिसला मना. जीभ उचलली न्हाय. साठ वरसं गप बसलेली जीभ, बाय. मना माफ कर." जागृतीने माफ केलं की नाही हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. त्या दिवशी तिने आत्याच्या हातचा चहा घेतला नाही, इतकं खरं.

डॉक्टरबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं. काही घराण्यांत हे प्रथिन अजिबात नाहीसं नसतं, नुसतं सैल असतं. कुणाला गाठ होते, कुणाला होत नाही, पण ते पुढे जातं. तुमचं रक्त हवं आणि वडिलांचं हवं. त्यांच्यासाठीही हवं, अशा माणसांना उतारवयात दुसऱ्या जागी त्रास होऊ शकतो, कळलेलं बरं. अल्पेशचं रक्त देऊन झालं होतं, त्याच्यात काही नव्हतं. मग उरलंच कोण? तरी जागृतीचा फॉर्म तीन आठवडे पर्समध्ये पडून होता. उद्या, परवा, आरोहीला ताप आहे, आज गुरुवार. तिला स्वतःलाच कळत होतं की ती कशाची वाट पाहत होती. आधी बाबाचं निघू दे. आपल्याकडून गेलं असं नुसतं कळण्यापेक्षा, आपल्यामागे कुणीतरी उभं आहे हे आधी कळू दे. हा विचार इतका हलका होता की तो तिने अल्पेशलाही सांगितला नाही. अल्पेशचं साधं होतं: "बाबांना काय सांगायची गरज आहे? शुगर चेक करायची बोल, रक्त घे, संपला विषय. साठीला आलेल्या माणसाला कशाला त्रास?" आणि आज त्याने ट्रेलर ड्रायव्हरच्या हवाली करून आरोहीला सांभाळायला सुट्टी घेतली होती, आणि जागृती सकाळी आठला गावात, बाबाच्या दारात उभी होती.

बाबा पायरीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी. आई गेल्यापासून एकटाच राहतो, पण घर लख्ख. "चा पन न्हाय घेतला," त्याने अभिमानाने सांगितलं. "दोन घोट पानी पिलो. चालतंय ना?"

"चालतं."

समोरच्या ओट्यावर चंद्राबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप थांबवलं. "काय रं दिनानाथ, नवरदेव झालास? कुटं वरात?"

"लेक हाटेलात नेतंय. तुला काय?"

"हाटेलात का डागतराकडं?"

"शुगर बगायची हाय. गोड मानूस ना मी, वाडली आसंल."

"तू आनि गोड! मिठागरावरचा खारा बोंबील!" चंद्राबाई खदखदली, आणि बाबाही हसला, उजवीकडून, जसा तो नेहमी हसे; डावी बाजू हसण्यात नीट सामील होत नसे. जागृतीही हसली. आपण किती सहज खोटं बोलू शकतो, याचं तिला नवल वाटलं. वेशीवर उभी राहिलेली जनीआजीही अशीच सहज बोलली असेल का? पोराला पोटाशी धरून, पदर सारखा करत?

रिक्षा बांधावरच्या नव्या डांबरी रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना कंटेनर, लाल, निळे, गंजलेले, एकावर एक पाच. बाबा उजव्या बाजूला बसला होता आणि बाहेर बघत बोट दाखवत होता. ही मोटी कोंडी. हितं तुज्या आईनं तुला झोलीत बांदलं व्हतं, बाबलीला. हितं उगाडी. त्या जागी आता वजनकाटा होता, पण जागृतीला ते लाकडी दार दिसलं, खाडी आणि मिठागर यांच्यामधलं, शेवाळाने काळं. एका डोळ्याच्या माणसाला उन्हात फळीचं काम जड जातं म्हणून पुढे बाबाला उघाडीवर ठेवलं होतं. उधाणाला पाणी किती घ्यायचं, कधी दार खाली टाकायचं, ते सगळं त्याच्या हाती. अमावास्येच्या भरतीला खाडी दारावर धडका मारी, फटींतून चुळा फुटत, आणि बाबा दारावर हात ठेवून उभा असे. खरंच हात ठेवून. "लाकडाला कलतं," तो म्हणे, "हाताला थरथर लागली का समजायचं." त्या काळात एकदाही मिठागर बुडालं नाही. डॉक्टरबाईंनी गोल काढून त्यावर हात ठेवणारं प्रथिन सांगितलं तेव्हा तिला आधी कॉलेज आठवलं होतं, हे नाही. हे आत्ता, रिक्षात, त्याच्या मांडीवरच्या त्या रुंद, नखं काळवंडलेल्या हाताकडे बघताना आठवलं. साऱ्या गावाचं पाणी अडवणाऱ्या या माणसाच्या आत, प्रत्येक पेशीत, एक दार जन्मापासून सैल होतं. आणि त्याने एवढी वर्षं भरल्या अंगाने काम केलं, जेवला, हसला, लेकीचं लग्न केलं. हे तिला भयंकरही वाटलं आणि, का कोण जाणे, थोडं धीराचंही.

फोन वाजला. अल्पेशचा व्हिडिओ कॉल. आरोही, केस गळून गुळगुळीत झालेलं डोकं, हातात पोळीचा तुकडा. "आज्जा!" ती ओरडली. बाबाने फोन हातात घेतला, नेहमीसारखा फार जवळ धरला. "आगो माजी टकली! काय खातंस? मना दे." मग फोन जरा लांब धरून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बोलला ते हसत, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असं: "आपुन दोगं एका टोलीचं गो. माजा डोला मिठानं घेतला, तुजा कोनी मागितला तर देव नको हां. आज्जाला सांग. आज्जा खंबीर हाय." आणि जागृतीकडे वळून, कौतुकाने, "माज्यावरच गेली ही. नाक तुज्या सासरचा, पन डोलं माजं."

"भाऊ, जरा थांबवा," जागृती म्हणाली.

रिक्षा जिथे थांबली तिथे बुजवायचा राहिलेला एक तुकडा होता, तिवरं माजलेली, मध्ये उथळ पाणी. ती उतरली. बाबाही उतरला, त्याला वाटलं हिला उलटी होतेय, म्हणून पाण्याची बाटली घेऊन. आणि मग तिने सांगितलं. कसं सांगितलं हे तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. मनूआत्यापासून सुरुवात केली की डॉक्टरबाईंपासून, 'प्रथिन' म्हणाली की 'रक्तातलं'. बाटली त्याच्या हातात तशीच होती. तो मध्ये एकदाच बोलला, "पन मना आठवतंय." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ऊन व्हता," तो म्हणाला. "पयला थंड लागला."

"बाबा, तू दीड वर्षाचा व्हतास."

"मंग मना आठवतंय ते काय?"

तिवरांत एक बगळा एका पायावर उभा होता, तो उडाला आणि दहा हातांवर जाऊन पुन्हा तसाच उभा राहिला. ते ऊन, तो खडा, पदराचा वास, एवढं सगळं बाबाने कुठून आणलं? दुसऱ्यांच्या बोलण्यातून वेचून, वर्षानुवर्षं तापवून, घट्ट करून? आणि तिने स्वतः किती वेळा बांधावर बसून त्याच्याकडून ते मागून घेतलं होतं? तिच्या मागण्यानेच त्याचे दाणे झाले असतील. आज ती ते परत काढून घेत होती. इस्पितळातसुद्धा आधी भूल देतात.

"मनूला म्हाईत व्हता," बाबा म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. "आईला तर व्हताच. आनि मी कोवला पोर व्हतो तवापासना पयली फळी मारली. समद्यांच्या म्होरं." त्याचे कान तांबडे झाले. जागृतीला वाटलं हा आता रागावेल, कंटेनरांकडे तोंड करून शिवी देईल, किंवा बसेल. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, आणि एकदम तिच्याकडे वळला. "म्हंजे शुगर न्हाय?"

"न्हाय."

"मंग मना उपाशी कनाला ठेवलास गो?"

ती हसली आणि हसता हसताच रडू फुटलं. रिक्षावाल्याने सभ्यपणाने फोन काढून त्यात डोकं घातलं. बाबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, तशी सवय त्याला नव्हती; बाटली तेवढी पुढे केली. ती पाणी प्यायली. मग त्याने विचारलं, "माज्यातना पोरीत गेला तो उडत न्हाय गेला. मधी तू हायस. तुजा रगत दिलास?"

"न्हाय."

"का?"

तिने सांगायला तोंड उघडलं, की आरोहीला ताप होता, की वेळच मिळाला नाही. "भीती वाटली," ती म्हणाली. "मना वाटलं, आधी तुझं येऊ दे."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर तो दुखावेल. बाबाने मान हलवली, एखादा हिशोब न करताच जुळावा तशी. "बरोबर हाय," तो म्हणाला. "मी तुज्या आदीचा हाय. आदी माजाच." आणि रिक्षाकडे चालू लागला. उरणच्या बाजारात रिक्षा थांबवून त्याने आधी दोन वडापाव खाल्ले, उभ्यानेच, आणि तिसरा तिला खायला लावला. कागदाला हात पुसताना म्हणाला, "चंद्रीला काय बी सांगू नको. मी सांगन. मनूला फोन कर, पन आज नको."

लॅब पहिल्या मजल्यावर होती, पंखा जोरात, भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'ऋतिका' अशी पाटी होती. जागृतीने पर्समधून दोन्ही फॉर्म काढले. घडीवर तिचा कुरतडल्यासारखा झाला होता. तो तिने काउंटरवर ठेवला आणि बाबाचा त्याच्यावर. बाबा खुर्चीत बसला, बाही दंडापर्यंत गुंडाळून. दंड अजून मिठागरावरचा होता, दोरखंडासारखा. ऋतिकाने त्याचं नाव विचारलं, वय विचारलं, बीपी, दम, काही नाही, काही नाही. मग तिने वर पाहिलं, आणि तिला तो डोळा दिसला. "काका, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का? अपघात लिहू?"

जागृतीने उत्तर द्यायला ओठ हलवले. बाबाने हात वर केला, थांब म्हणून. त्याच्या तोंडाचे कोपरे हलले. ती ओळखीची जुनी ओळ, ऊन असा का डोला उगडवत न्हाय, तिथवर येऊन उभी होती हे जागृतीला दिसलं. पंख्याने फॉर्मचा कोपरा फडफडला. त्याने तो अंगठ्याने दाबून धरला.

"अपघात न्हाय," तो म्हणाला. "गाठ व्हती. कॅन्सरची. दीड वरसाचा व्हतो." ऋतिका लिहायला लागली. तिचं लिहून होईपर्यंत तो थांबला, अक्षरं जाताना बघत, आणि मग कुणी विचारलं नसताना, हळू, स्वतःला शिकवल्यासारखं म्हणाला, "मना त्यातला काय आठवत न्हाय."